प्रत्येकाची एक चप्पल

आमच्या दाजींबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. त्यांच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क फक्त मला आहे, आणि तो मी गेली बावीस वर्षं पोटभर वापरलाय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने नावाडी. पर्यटकांना होडीत बसवायचं, कड्याखालच्या समुद्रगुहा दाखवायच्या, मग एका आडबाजूच्या वाळूवर उतरवायचं आणि परत धक्क्यावर आणायचं, एवढंच त्यांचं काम. मी तिकीट खिडकीत बसतो, भोंग्यावर ओरडून गिऱ्हाईक गोळा करतो, होडी भरली की खिडकी बंद करून दोर सांभाळायला होडीत उडी मारतो. या ओरडण्यामुळे अख्खा धक्का मला 'भोंगा' म्हणतो. दाजी 'भोंगेराव' म्हणतात, तेवढाच काय तो मान.

माणूस कमालीचा कमी बोलणारा. शेजारच्या होड्यांवरचे लोक काय एकेक थापा मारतात! या गुहेत चाच्यांनी खजिना पुरला, त्या गुहेत राजकन्येने जीव दिला. पोरंबाळं आ वासून ऐकतात. आमचे दाजी गुहेच्या तोंडाशी होडी थांबवून सांगतात, "ही गुहा पाण्याने केली. खूप वर्षं लागली." संपलं! एकदा एका बाईंनी विचारलं, "अहो, हिची काही गोष्ट नाही का?" दाजी म्हणाले, "गोष्ट कशाला? गुहा आहे ना." मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगू का, त्या बाई पुढच्या वर्षी परत आल्या, आणि खिडकीशी येऊन म्हणाल्या, "ते कमी बोलणारे आहेत ना, त्यांचीच होडी द्या."

कारण गुहेत शिरताना त्यांना एकदा पाहिलं की माणूस दुसऱ्या कुणाच्या होडीत बसत नाही. तोंडाशी गेल्यावर ते इंजिन अगदी हळू करतात आणि नुसते पाण्याकडे बघत राहतात. एक मोठी लाट जाते, दुसरी जाते, तिसरी जाते. लोक चुळबुळायला लागतात. कोणीतरी म्हणतंच, "चला की राव!" दाजी म्हणतात, "थांबू जरा." मग पाणी एकदम मवाळ होतं, ते इंजिन बंद करतात, "डोकी खाली" म्हणतात आणि होडी आत सरकते. दोन्ही बाजूंचा खडक हातभर अंतरावर. तळव्याने खडकाला नुसतं रेटत रेटत ते ती वीस फुटी होडी अंधारातून पलीकडच्या निळ्या उजेडात काढतात. बावीस वर्षांत होडीच्या रंगाला ओरखडा पडलेला मी पाहिला नाही. आणि पाणी मवाळ झालं नाही तर सरळ मागे फिरतात. एकदा कुणी बडे पाहुणे होते, त्यांचा सेक्रेटरी तावातावाने म्हणाला, "आम्ही कोण आहोत माहीत आहे का?" दाजी म्हणाले, "तुम्ही पोहता का?"

आता त्या वाळूविषयी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण तिथेच घडलं. तिन्ही बाजूंनी उंच कडा, पायवाट नाही, जायचं ते समुद्रातूनच. ओहोटीला तीनेक तास वाळू उघडी पडते. भरती आली की सगळं पाण्याखाली, फक्त एक बसका खडक थोडा वेळ वर राहतो, मग तोही बुडतो. तिथल्या कड्यावर बंदर खात्याने लाल पट्टा रंगवलाय. पाणी पट्ट्याला टेकलं की किनाऱ्याला होडी लावायची नाही, कारण मग वाळूजवळचे दगड पाण्याखाली दडतात आणि होडीचा तळ फोडतात. त्या वाळूवर माणसं उतरवायचा परवाना एकट्या दाजींकडे. दर पाच वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो. परवाना गेला की आमची होडीही इतरांसारखी गुहा दाखवून परत येणारी एक होडी, आणि त्यांच्या होड्यांची इंजिनं आमच्या दुप्पट दमाची. म्हणजे आमचं दुकान बंद.

आणि त्या वाळूवर उतरताना दाजींची एक पद्धत होती, जिची मला मनापासून लाज वाटायची. ती चपलांची टोपली.

वेताची, जुनी, काठ तारेने बांधलेली टोपली. होडी वाळूला लागली की दाजी ती हातात धरून शिडीजवळ उभे राहायचे. उतरणाऱ्या प्रत्येकाने एक चप्पल टोपलीत टाकायची आणि दुसरी घालून, नाहीतर हातात घेऊन उतरायचं. अनवाणी आलेल्याने टोपी टाकायची. परत चढताना ज्याने त्याने आपली चप्पल उचलायची. टोपली रिकामी झाली की दाजी दोर सोडायला सांगायचे. एक जरी चप्पल राहिली तरी होडी हलत नसे. लोक हसायचे, फोटो काढायचे, काही नाकं मुरडायचे. भारी भारी बूट घातलेले तर म्हणायचे, "ह्यात? आमचा बूट?" दाजी टोपली तशीच धरून उभे. शेवटी बूट पडायचाच टोपलीत. शेजारच्या होडीवाल्यांनी आमच्या होडीचं नाव 'चांभाराचं दुकान' ठेवलं होतं. मी त्यांच्याशी भांडायचो आणि घरी येऊन दाजींशी भांडायचो. "अहो, डोकी मोजा ना सरळ! बोटं आहेत की हाताला!"

"डोकी हलतात," दाजी म्हणायचे. बस्स, एवढंच उत्तर.

यंदा परवान्याची मुदत संपत आली आणि बंदर खात्याकडून पत्र आलं. तपासणी अधिकारी स्वतः फेरीला येणार, व्यवस्था पाहणार, मग ठरवणार. तो अधिकारी मी कार्यालयात पाहिला होता. चकाचक काळे बूट, पँटला इस्त्रीची धार, बोलणं सुतासारखं सरळ. त्या माणसाला आमचे दाजी ती कळकट टोपली दाखवून म्हणणार, "एक बूट टाका"! परवाना जागच्या जागी फाडला असता त्याने.

ताईच्या स्वयंपाकघरात मी विषय काढला. त्यांचं घर धक्क्यापासून चार पावलांवर, दुसऱ्या मजल्यावर. टेबलाशी ताई होडीच्या गाद्यांचे अभ्रे शिवत होती. खिडकीबाहेर धुतलेली लाइफ जॅकेटं दोरीवर लटकत होती. दर आठवड्याला ती धुतात दोघं, एकेका जॅकेटची शिट्टी वाजवून बघतात. मी खिशातून पिवळ्या प्लास्टिकचे गोल बिल्ले काढून टेबलावर ओतले. पाट्या रंगवणाऱ्याकडून मुद्दाम आकडे घालून आणले होते, एक ते अठरा. "उतरताना बिल्ला द्यायचा, चढताना परत घ्यायचा," मी म्हटलं. "डब्यात अठरा जमले, निघालो. स्वच्छ, सुटसुटीत, साहेबासमोर शोभेल असं."

दाजींनी एक बिल्ला उचलून उलटसुलट केला. "आणि टोपली?"

"टोपली एक दिवस खिडकीत माझ्या टेबलाखाली राहील. पळून जात नाही ती."

ताईने सुई थांबवली आणि दाजींकडे पाहिलं. ती काहीतरी बोलणार होती. पण माझं तोंड सुरू झालं की दुसऱ्याला जागा कुठे? मी म्हटलं, "दाजी, परवाना गेला तर काय करणार आहात? या वयात दुसऱ्याच्या होडीवर दोर ओढणार? ताईने काय करायचं? तुमच्या हट्टापायी सगळ्यांनी तोंडावर पडायचं का?" मी फार बोललो. एवढं बोलायला नको होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, पण थांबेल तो भोंगा कसला!

दाजींनी हातातला बिल्ला ढिगावर परत ठेवला. मग म्हणाले, "एक दिवस."

तपासणीच्या दिवशी समुद्र बरा होता, अगदी शांत नाही. अठरा प्रवासी आणि साहेब. प्रवाशांत एक कुटुंब होतं पाच जणांचं. मुलगा, सून, त्यांची दोन पोरं आणि मुलाची आई. आई म्हणजे पांढऱ्या केसांच्या, काटक, ताठ बसणाऱ्या आजी. दाजी निघताना प्रत्येकाला वजन बघून जागा देतात. तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे, मावशी तुम्ही मध्ये. होडी दोन्ही अंगांनी सारखी बसली की मग इंजिन सुरू. आजींना त्यांनी डावीकडच्या मधल्या फळीवर बसवलं. साहेब सगळं वहीत लिहीत होते.

वाळूला लागलो. एरवी टोपली घेऊन शिडीशी दाजीच असतात. त्या दिवशी लाटा होडीला वळवत होत्या, आणि बिल्ल्यांचं खातं माझं, म्हणून दाजी सुकाणूवर राहिले. मी शिडीशी उभा राहून ऐटीत बिल्ले वाटले. साहेब होडीतच बसून बघत होते आणि मला वाटत होतं, जिंकलं! तासाभराने मी होडीचा भोंगा वाजवला. लोक ओल्या पायांनी, हसत, ओरडत परत चढायला लागले. बिल्ले पत्र्याच्या डब्यात टकाटक पडत होते. त्या कुटुंबातला मुलगा आला आणि त्याने खिशातून मूठभर बिल्ले काढून डब्यात सोडले. "पाच आहेत, आमचे," म्हणाला, "पोरं हरवतील म्हणून माझ्याकडेच ठेवले होते." मी म्हटलं, "छान केलंत." अजूनही रात्री आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. छान केलंत म्हणे!

डब्यात अठरा. मी दोनदा मोजले. साहेबांनी एकदा मोजून वहीत लिहिलं. पाणी लाल पट्ट्याच्या हातभर खाली होतं. दोर सोडला, निघालो.

परतीच्या वाटेवरची शेवटची गुहा दहा मिनिटांवर. लोक फोटोंसाठी जागा बदलून बसले होते, मुलगा पुढच्या टोकाला कॅमेरा घेऊन, सून मागे, पोरांना मळमळत होतं म्हणून त्यांची डोकी धरून. गुहेच्या तोंडाशी दाजींनी इंजिन हळू केलं आणि नेहमीसारखे पाण्याकडे बघत राहिले. मोठ्या लाटा गेल्या, पाणी मवाळ झालं. पण ते आत शिरेनात. सुकाणू थोडं इकडे केलं, थोडं तिकडे.

"उजवीकडे झुकतेय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "जागा बदलल्यात लोकांनी. दाजी, चला आत, साहेब बघतायत."

त्यांनी माझ्याकडे लक्षच दिलं नाही. "सगळ्यांनी आपापल्या पहिल्या जागेवर बसा," असं म्हणाले. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. लोक कुरकुरत हलले. डावीकडच्या मधल्या फळीवर एक जागा मोकळी राहिली.

"इथे आजी होत्या," दाजी म्हणाले.

पुढून मुलगा म्हणाला, "आई मागे आहे ना, हिच्याजवळ?"

मागून सून म्हणाली, "अहो, त्या तुमच्याजवळ पुढे नाहीत का?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्या मुलाचा चेहरा मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. माझ्या हातात अठरा बिल्ल्यांचा डबा होता. तो डबा खाली ठेवायचंसुद्धा मला सुचलं नाही.

दाजींनी तोवर होडी वळवलीसुद्धा होती.

वाळू दिसली तेव्हा ती वाळू राहिलीच नव्हती. पाणी लाल पट्ट्यावर चढलं होतं. बसक्या खडकावर आजी उभ्या होत्या, दोन्ही चपला हातात धरून, आणि लाटा त्यांच्या घोट्यांशी येत होत्या. साहेब उठून उभे राहिले. "पाणी पट्ट्यावर असताना होडी आत न्यायची नाही," ते म्हणाले. "सतरा प्रवासी आहेत इथे. मी धक्क्यावर कळवतो, बचाव नौका येईल."

"किती वेळात?" दाजींनी विचारलं.

"चाळीस मिनिटं."

"तो खडक वीस मिनिटांत बुडतो."

दाजींनी किनाऱ्यापासून लांब, दगड संपतात तिथे होडी उभी केली आणि अंगातला शर्ट काढला. मी म्हटलं, "दाजी, काय करताय?" त्यांनी लांब दोराचं एक टोक कमरेला बांधलं, दुसरं साहेबांच्या हातात दिलं. अहो, सरळ हातात दिलं, विचारलंही नाही. एक लाइफ जॅकेट खांद्यात अडकवलं.

साहेब म्हणाले, "हे बघा, प्रवासी असताना नावाड्याने होडी सोडायची नाही. हा नियम त्याहून मोठा आहे. तुम्ही उतरलात तर परवाना गेला, असं समजा."

"समजलो," दाजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "भोंगेराव, सुकाणू धर. इंजिन बंद करायचं नाही, तोंड लाटेकडे ठेवायचं. आणि बोलायचं नाही."

आणि त्यांनी उडी मारली. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस!

मला तुम्हाला सांगता येत नाही तो वेळ कसा गेला. माझ्या दोन हातांत सुकाणू होतं आणि सतरा माणसांचा जीव माझ्यासारख्या बडबड्याच्या हातात होता. दाजी दिसायचे, नाहीसे व्हायचे. प्रत्येक लाटेआधी ते थांबत होते. घाई नाही, हातपाय आपटणं नाही, लाट जाऊ द्यायची आणि मग चार हात पुढे. गुहेच्या तोंडाशी करतात तसंच. तो मुलगा "आई, आई" असं ओरडत होता आणि साहेब दोर सोडत होते, ते चकाचक बूट होडीत शिरलेल्या घोटाभर पाण्यात.

खडकावर चढल्यावर दाजींनी आजींना जॅकेट घातलं, दोर आपल्या कमरेचा सोडून त्यांना बांधला. दोघांचं काहीतरी बोलणंही झालं. नंतर कळलं, आजी म्हणाल्या होत्या, "मी त्या दगडामागे झऱ्यावर पाय धुवायला गेले होते. पाच मिनिटं थांबता येत नाही का तुम्हाला?" दाजी म्हणाले, "चुकलं माझं, आजी. आता चला." मग आजींनी चपला जॅकेटच्या पट्ट्यात खोचल्या आणि पाण्यात बसल्या, जणू अंघोळीला. साहेब आणि तो मुलगा दोर ओढत होते, दाजी मागून पोहत आजींचं डोकं वर धरत होते.

आजी होडीत आल्या. मग दाजी. ओठ निळे, गुडघा खडकावर सोलवटलेला. ते फळीवर बसले नाहीत. होडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून चालत गेले आणि एकेका प्रवाशाच्या पायाला हात लावत मोजत गेले. अठरा झाले तेव्हा त्यांनी श्वास सोडला. माझा जीव भांड्यात पडला आणि मी हमसून हमसून रडलो. बोलायचं नाही म्हणाले होते, रडायचं नाही असं म्हणाले नव्हते.

संध्याकाळी मी ताईकडे गेलो तो तोंड लपवतच. दाजी आत झोपले होते. ताईने माझ्यापुढे चहा आदळला. आदळलाच, ठेवला नाही.

"आता ऐक," ती म्हणाली, "आणि मध्ये बोललास तर चहा डोक्यावर ओतीन. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यांच्याबरोबर फेरीला गेले होते, हौसेने. बारा प्रवासी होते. वाळूवर उतरलो, मी शिंपले वेचत कड्याशी गेले. ह्यांनी बारा डोकी मोजली, बारा भरली, निघून गेले."

"तुला सोडून?"

"मी तेरावी होते ना. तिकिटाची नव्हते, घरची होते. घरच्यांना कोण मोजतं? धक्क्यावर सगळे उतरल्यावर ह्यांच्या लक्षात आलं. परत आले तेव्हा मी त्याच खडकावर, पाणी गुडघ्याला. एक चप्पल वाहून गेली होती. सहा महिने हा माणूस झोपेतून दचकून उठायचा." ताईने अभ्रा उचलला, पुन्हा खाली ठेवला. "ती टोपली माझ्या भाजीची. मीच दिली. म्हटलं, प्रत्येकाची एक चप्पल यात टाकून घ्या. डोकं विसरेल, तिकीट दुसऱ्याच्या खिशात जाईल, पण एका चपलेवर कोणी घरी जात नाही आणि दुसऱ्याची चप्पल कोणी घालत नाही. माझी उरलेली चप्पल त्यांनी टोपलीच्या तळाशी तारेने बांधली. बावीस वर्षं तू ती टोपली बघतोयस. कधी आत डोकावलास?"

नव्हतो डोकावलो. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडून टेबलाखालून टोपली काढली. तळाशी, वेताच्या विणीत रुतलेली, ऊन-पाण्याने लाकडासारखी झालेली बायकी चप्पल होती, एवढीशी. मला वाटायचं, भोक पडलंय म्हणून ठिगळ लावलंय. मी खिडकी बंद करून आत बसलो. त्या दिवशी धक्क्यावर भोंगा वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशी. बंदर कार्यालयात एक बाक, एक टेबल आणि पाच मिनिटं पुढे धावणारं घड्याळ. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, लंगडत आले होते. साहेबांनी विचारलं, "ही बिल्ल्यांची कल्पना कोणाची?"

"माझी," दाजी म्हणाले.

"आधीची पद्धत कोणती होती?"

"होती एक. मी बदलली."

मला राहवलं नाही. मी बाकावरून उठलोच. "साहेब, खोटं बोलतायत ते! आयुष्यात पहिल्यांदा बोलतायत आणि तेही धड जमत नाहीये! बिल्ले माझे. तुमच्या बुटांना घाबरून आणले मी. तुमचा बूट टोपलीत टाकायला लागू नये म्हणून ह्या माणसाची पद्धत मी टेबलाखाली लपवली. काही काढून घ्यायचंच असेल तर माझं तिकिटाचं काम काढा, दोराचं काढा, मला धक्क्यावरून हाकला. पण ह्यांच्याकडून तुम्ही ती वाळू काढून घेतलीत ना, तर उद्या तिथे माणसं राहतील आणि कोणाला पत्ता लागणार नाही!" आणि मी टोपली त्यांच्या टेबलावर ठेवली, कागदांवरच.

दाजी म्हणाले, "भोंगेराव, खाली बस."

साहेबांनी टोपली फिरवून पाहिली. आत वाकून तळ पाहिला. मग त्यांनी पद्धत विचारली, आणि दाजींनी चार वाक्यांत सांगितली. तळाच्या चपलेबद्दल विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "ती बायकोची. मी मोजली नव्हती." साहेब खाली मान घालून खूप वेळ लिहीत राहिले.

पंधरा दिवस होडी बंद ठेवायची शिक्षा झाली, प्रवासी असताना होडी सोडल्याबद्दल. दाजींना ती अगदी रास्त वाटली. पंधरा दिवस त्यांनी होडी घासली, टोपलीचा काठ नवीन तारेने बांधला. सोळाव्या दिवशी परवाना आला. खाली अट टाइप केलेली होती: 'प्रवाशांची पादत्राणे टोपलीत जमा करून मोजणी करण्याची पद्धत खंड न पडता चालू ठेवावी.' ती ओळ मी भोंग्यावरून अख्ख्या धक्क्याला तीनदा वाचून दाखवली. 'चांभाराचं दुकान' म्हणणाऱ्यांच्या होडीसमोर उभा राहून चौथ्यांदा.

पहिल्या फेरीला अठरा प्रवासी होते. वाळूला लागलो, दाजी टोपली घेऊन शिडीशी उभे राहिले. एकेक चप्पल पडत गेली. सगळे उतरले, मी दोर घेऊन उडी मारणार तोच टोपली माझ्यासमोर आली.

"मी कशाला?" मी म्हटलं. "मी काय प्रवासी आहे? मी घरचाच की."

बोललो आणि जीभ चावली. दाजी टोपली तशीच धरून उभे राहिले. मी चप्पल काढून टोपलीत टाकली, ताईच्या चपलेवर.

एका पायात चप्पल आणि एक पाय तापल्या वाळूत, असा मी शिव्या देत दोर बांधायला गेलो. तासाभराने सोडायला गेलो, तर दोराचा पीळ दगडात असा काही अडकला होता की सोडवता सोडवता घामाघूम झालो. मागे भोंगा वाजला. आज तो दाजींनी वाजवला होता, आणि फार वाईट वाजवला. लोक चढले असणार, मला काही दिसत नव्हतं, मी दगडामागे वाकलेला. मग पाण्यातून कोणीतरी चालत येत असल्याचा आवाज आला. मान वर करून पाहिलं. होडीत अठरा माणसं ताटकळत बसली होती, कोणीतरी "चला की राव" म्हणत होतं, आणि दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. हातात माझी तुटक्या अंगठ्याची चप्पल.

"ये सावकाश," ते म्हणाले. "तू राहिलायस अजून."